सख्ख्या भाचीचं तिकीट

भात पिवळं पडायला लागलं की मला फुटबॉल आठवतो. कुणाला सांगितलं तर लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात, कारण भाताचा आणि फुटबॉलचा संबंध काय? संबंध काहीच नाही. पण संध्याकाळी लोणावळ्याहून ड्यूटी संपवून मळवलीला उतरावं, फाटक ओलांडावं आणि खाचरांवरून इंद्रायणी भाताचा तो गोडसर, दुधाळ वास अंगावर यावा, की माझ्या कानात ढोल वाजायला लागतात. स्टेडियममधले. मग पुढचं सगळं ओळीनं आठवतं आणि घरी पोचेपर्यंत डोक्याचा पार भुगा झालेला असतो. इतकी वर्षं झाली, मला अजून कळलेलं नाही की त्या दिवशी चुकलं कोण.

आबा म्हणजे माझे वडील आमच्या गावचे पोलीस पाटील. आमच्या बुद्धवाडीतून ते पद पहिल्यांदा त्यांनाच मिळालं. पगार म्हणावा असा नाही, मानधन आहे, आणि मान म्हणाल तर कुणी देतं, कुणी देत नाही. गावात काही वेडंवाकडं घडलं तर ठाण्यात कळवायचं, पंचनाम्याला उभं राहायचं, आणि कुणाला नोकरीसाठी चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा असेल तर त्यावर सही करायची. ही सही करताना आबा आधी हात धुतात. लहानपणापासून बघत आलेय. एकदा मी चिडून म्हटलंही, अहो जेवायला बसताय का? तर म्हणाले, दुसऱ्याच्या चांगलेपणाची ग्वाही देतोय, हात तरी स्वच्छ नको का.

याच माणसाला फुटबॉलचं वेड. तरुणपणी भात निघालं की मोकळ्या खाचरात खेळायचे, अनवाणी, पायाला धसकटं टोचायची. आईच्या मते लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी मुलाच्या पायाच्या जखमा बघून विचारलं होतं की पोरगा काही आजारी बिजारी आहे का. टीव्हीवर सामना लागला की आबा हलत नाहीत. पण मोठ्या स्टेडियममध्ये बसून, दिव्यांच्या उजेडात, हिरव्यागार गवतावरचा सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता. म्हणून त्या वर्षी पुण्यात देशातले दोन मोठे संघ खेळणार असं कळल्यावर मी आम्हा चौघांची तिकिटं काढली. आबा, आई, माझा भाऊ सुनील आणि मी. आबांनी ती तिकिटं कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवली आणि येईल त्याला उघडून दाखवली.

आणि नेमकं पावसानं डोकं वर काढलं. कार्तिकातला पाऊस म्हणजे मावळात काय असतं ते ज्याचं भात आडवं झालंय त्यालाच विचारा. आमच्याकडे कापणी सावडीवर चालते. आज सगळ्यांनी मिळून एकाचं भात कापायचं, उद्या दुसऱ्याचं. मजुरी नाही, दिवसाच्या बदल्यात दिवस. ज्याला जमणार नाही त्यानं आपल्या जागी दुसरं माणूस धाडायचं, पण ओळीतली जागा मोकळी ठेवायची नाही. ढग बघून सगळ्यांच्या पाळ्या पुढेमागे झाल्या आणि आमची पाळी बरोब्बर सामन्याच्या दिवशी येऊन बसली. आई म्हणाली, मला त्या चेंडूचं काय कळतंय, मी आणि सुनील बघतो भाताचं, तुम्ही बापलेक जा. सुनीलचं तोंड एवढंएवढं झालं.

दोन तिकिटं उरली. मी ती परत करायला गेले तर परत घेण्याची सोयच नाही. मला हसू आलं, कारण मी लोणावळ्याला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर असते आणि रोज हेच वाक्य मी पाहुण्यांना ऐकवते, सर, एकदा घेतलेलं बुकिंग रद्द होत नाही. मग तेच पाहुणे मेहुण्याला नाहीतर मित्राला धाडतात, आणि मी मुकाट चावी देते. खोली रिकामी राहण्यापेक्षा बरं. आबांचंही तेच. ते म्हणाले, "जागा रिकामी कशापायी ठिवायची? गेटावर कुनी ना कुनी आसंलच की." तिकिटाच्या पाठीमागे मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजीत काहीबाही छापलं होतं. ते मी वाचलं नाही. तुम्ही वाचता का?

स्टेडियमबाहेर नुसती जत्रा. चेहरे रंगवलेली पोरं, झेंडे, भेळेच्या गाड्या, आणि आतून येणारा ढोलांचा आवाज जमिनीतून पायात चढत होता. रांगेच्या कडेला एक बाई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. मुलगी शाळेच्या टीमच्या जर्सीत, डोळे भरलेले. तिकिटं संपली होती. आबांनी मुलीला विचारलं, खेळतीस का गं? ती म्हणाली, हाफबॅक. झालं, आबा विरघळले.

पण आमच्या मावळातल्या माणसाला सरळ काही देता येत नाही, आधी नातं काढावं लागतं. दोन अनोळखी माणसं भेटली की गाव कुठलं, माहेर कुठलं, तिथं अमका तुमचा कोण, असं उकरत उकरत कुठंतरी सोयरीक सापडेपर्यंत दम नाही. बाई म्हणाली, राहायला बेगडेवाडी, नाव मुमताज, शाळेचे युनिफॉर्म शिवते. माहेर? आंबी. आबांचा चेहरा उजळला. माझी आत्या, म्हणजे आबांची बहीण, आंबीला दिलेली आहे. बहिणीच्या गावची लेक म्हणजे कोण? आबांनी तिथल्या तिथे निकाल दिला की तू आमची भाची. मुमताजही हसली. तिनं आत्याला ओळखलंही, चक्कीपाशी राहतात त्याच ना म्हणाली.

आबांनी तिकिटं पुढे केली. ती म्हणाली, किती झाले? आबा म्हणाले, भाचीकडनं कुणी पैसे घेतं का? ती बाई तशीच करारी. म्हणाली, भाची झाले म्हणून फुकट घेऊ का, मामा? पोरीला काय शिकवू? आणि तिकिटावर छापलेली तेवढीच रक्कम मोजून तिनं आबांच्या मुठीत कोंबली. वर एक रुपया नाही, खाली एक रुपया नाही. आबा नको नको म्हणत असतानाच साध्या कपड्यातल्या एका माणसानं त्यांचं मनगट धरलं.

त्यानंतरची काही मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. पोलिसांच्या मांडवाखालचं बाक. बाकावर आधीच बसलेले तिकिटांच्या गड्ड्या घेऊन फिरणारे दोघंतिघं, त्यातला एक आबांना सरकून जागा देताना 'बसा काका' म्हणाला. मला संताप आला, रडूही आलं. आबांनी आयुष्यभर असल्या बाकावर बसलेल्यांची नावं ठाण्यात दिली, आणि आज तेच तिथे. वर्दीतल्या साहेबांनी समजावून सांगितलं, तेही काही वाईट माणूस नव्हते. तिकीट विकता येत नाही. मी म्हटलं, छापील किमतीला पण नाही? नाही, इथे विक्रीला बंदी आहे. आणि फुकट दिलं असतं तर? तर, म्हणाले, तेही नियमात बसत नाही, पण आम्ही कुणाला अडवत नाही. घरच्यांना दिलं तर? घरच्यांचं वेगळं. मी विचारलं, मग ज्याला जायचं नाही त्यानं तिकिटाचं करायचं काय? ते म्हणाले, मॅडम, काही करायचं नाही.

काही करायचं नाही! म्हणजे पोरगी बाहेर रडत उभी राहणार आणि आतली खुर्ची रिकामी राहणार, आणि हे कायदेशीर. मला हे तेव्हाही कळलं नाही, आत्ताही नाही. आणि बाकावरच्या त्या गड्डीवाल्यांकडे बघितलं की वाटायचं, यांना मोकळं सोडलं तर हे गरिबाला कधी सामना बघू देतील का? मग नियम बरोबरच की. एका बाजूनं पटतं, दुसऱ्या बाजूनं डोकं फिरतं.

साहेबांनी आबांचं ओळखपत्र बघितलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "पोलीस पाटील? पाटील, गुन्हा नोंदवला तर तुमच्या तालुक्याला कळवावं लागेल." याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. पाटीलकी जाणार. आणि ती जाण्याची वाट बघणारे गावात होतेच, त्यांना पेढे वाटायला निमित्त मिळणार. आबा मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात मुमताज मुलीला घेऊन मांडवात शिरली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिकिटं तिच्या हातात होती, ती आत जाऊन खुर्चीवर बसू शकली असती. ती म्हणाली, साहेब, हे माझे मामा आहेत, मीच तिकिटं काढायला सांगितली होती, त्याचेच पैसे देत होते.

साहेबांनी तिचं नाव विचारलं. तिनं पूर्ण नाव सांगितलं. मग त्यांनी आबांचं ओळखपत्र परत एकदा वाचलं, तिच्याकडे बघितलं, आणि आबांकडे वळून एकच शब्द विचारला, "सख्खी?"

आबांना पोलिसांपुढे कधी खोटं बोलताना मी पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे नाही, तिच्याकडे नाही, समोरच्या टेबलाकडे बघत होते. आणि म्हणाले, "व्हय साहेब. सख्खी."

साहेबांना काय कळायचं ते कळलं होतं, शेंबड्या पोराला कळलं असतं. मग ओळखपत्र परत देत म्हणाले, जा, सामना सुरू होईल.

आम्ही चौघं शेजारी शेजारी बसलो. तो सामना कसा झाला ते मला विचारू नका, आणि आबांना तर मुळीच नको. दिवे लागले तेव्हा गवत इतकं हिरवं दिसलं की खरं वाटेना. ढोल, शिट्ट्या, लाटेसारखे उठणारे लोक. मुमताजच्या मुलीनं, सनानं, ऑफसाइडबद्दल काहीतरी विचारलं. एरवी आबा ऑफसाइड काड्या मांडून समजावतात, समोरचा जांभया देईस्तोवर. त्या दिवशी म्हणाले, चेंडू सुटतो तेव्हा तू कुठं उभी आहेस त्याच्यावर असतं, तू काही केलं नसलंस तरी... आणि मध्येच थांबले. गोल झाला, सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि आबांनी मला हळूच विचारलं, कुणी मारला? आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो सामना समोर चालू होता आणि माझा बाप त्यात नव्हता.

नंतर लोणावळ्यातल्या एका ओळखीच्या वकिलांना मी विचारलं. ते म्हणाले, बघ, तिकिटामागच्या अटी मोडणं ही एक गोष्ट, गुन्हा ही दुसरी गोष्ट. जास्त दरानं विकणं वेगळं, त्याच दरानं वेगळं, रस्त्यावर वेगळं, आवारात वेगळं. मग आबांनी गुन्हा केला की नाही? ते म्हणाले, सांगणं कठीण आहे. मी चहाचे पैसे देऊन उठले. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "इकलं ती खरी गोष्ट, तिच्यापायी मला धरलं. खोटं बोललो तर सोडलं. हे कसलं आक्रीत म्हनायचं?"

मग आबांनी एक केलं. जे तोंडातून गेलं ते निदान खरं करून दाखवायचं असं त्यांनी मनाशी घेतलं असावं, बोलून दाखवलं नाही. भात झोडून झालं, नवा तांदूळ घरी आला, तशी एक पिशवी घेऊन ते बेगडेवाडीला गेले. भाचीला नवा तांदूळ. तेव्हा तिनं पुन्हा पैसे विचारले म्हणे, आणि आबा रागावले म्हणे. मग ती ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. सनाची शाळेची फायनल बघायला आबा टोपी इस्त्री करून गेले. मुमताजच्या नवऱ्याला कंपनीत रजा मिळाली नाही तेव्हा घरावरचे पत्रे घालायला आबा आणि सुनील गेले, आणि दर कापणीला एक दिवस ती आमच्या खाचरात यायची, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, आमच्या बायकांपेक्षा भराभर विळा चालवायची. शेत नसलेली बाई सावडीत! लोक विचारायचे ही कोण? आई सांगायची, आमच्या यांची भाची. आबा हाक मारायचे, भाचे, पानी प्येतीस का? आत्याला तर वाटायला लागलं होतं की ही खरंच आपल्या पोटची. तिनं एकदा तिला आपल्या धाकट्या मुलीच्या लग्नात मानाची साडी नेसवली. मी म्हटलं, चला, मिटलं सगळं. मला काय माहीत!

यंदा उन्हाळ्यात आबांच्या मुदतवाढीचा कागद वर गेला आणि गावातल्या कुणीतरी तक्रार केली. पाटील तिकिटांचा काळाबाजार करताना सापडले, पोलिसांना खोटं सांगून सुटले. प्रांतसाहेबांच्या कार्यालयातून बोलावणं आलं. मी मुमताजला फोन केला. ती म्हणाली, मी येते ना ताई, तेव्हा सांगितलं तेच सांगते, त्यात काय. आणि आलीही, ठेवणीतला ड्रेस घालून, सनाचा क्लास बुडवून तिला सोबत घेऊन. आम्ही दाराशी उभ्या होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

प्रांतसाहेबांनी शांतपणे विचारलं, त्या बाई तुमच्या सख्ख्या भाची आहेत का?

आता एवढी वर्षं गेल्यावर 'व्हय' म्हणायला काय हरकत होती? मला तरी वाटत होतं आबा तेच म्हणतील. पण त्यांच्या छातीवर तो शब्द किती जड होता ते मला ठाऊक नव्हतं. ते हात जोडून म्हणाले, "न्हाई साहेब. सख्खी न्हाई. त्या दिवशी रांगेत पयल्यांदा बघितली. मी खोटं बोललो, त्याची काय शिक्षा आसंल ती द्या." आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खरं बोलायची एकदा सवय लागली की माणूस थांबत नाही. पुढं म्हणाले, "आमचं त्यांचं नातं काईच न्हाई."

साहेब खूश झाले. इतका सरळ माणूस मी पाहिला नाही म्हणाले. तिकिटाच्या किमतीला दिलेलं तिकीट, कसला काळाबाजार, असंही म्हणाले. तक्रार निकाली निघाली, मुदतवाढ मिळाली. आबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. मग मी मुमताजकडे बघितलं. ती सनाच्या जर्सीची कॉलर नीट करत होती, जी नीटच होती. आबा म्हणाले, चला, चहा घिऊ. ती म्हणाली, नको, लोकल आहे आमची. आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते दिवसभर हलके होऊन फिरले, संध्याकाळी कुणाच्या तरी दाखल्यावर सही करायला बसले तर हात धुवायलासुद्धा विसरले.

मी तिची बाजू घ्यायची की त्यांची? आबांनी खरं सांगितलं. खरं सांगणं वाईट कसं असेल? पण पोलिसांपुढं सख्खी आणि साहेबांपुढं कुणीच नाही, आणि मधली ही वर्षं, तो तांदूळ, ते पत्रे, ती साडी, त्याचं काय? ते कुठल्या नियमात बसतं? मी रात्रंदिवस हेच चघळते. आईला विचारलं तर ती म्हणाली, तुझे आबा भोळे आहेत. हे काय उत्तर झालं?

परवा आमची कापणी झाली. मुमताज येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आली. यंदा उन्हाळा लागता लागता पत्रे घालायला आबा गेले होते तो दिवस तिच्याकडे बाकी होता. सना आली नाही, तिची परीक्षा आहे म्हणाली. तिनं दिवसभर ओळ धरून भात कापलं, कुणापेक्षा कमी नाही. बोलली सगळ्यांशी, माझ्याशीसुद्धा हसली. दुपारी बांधावर जेवताना आबांनी तिच्या ताटात भाकरी वाढली तेव्हा म्हणाली, "बास, पाटील."

आबांना वाटलं ती थट्टा करतेय. ते हसले. पुन्हा वाढायला गेले तर पुन्हा तेच, अगदी आदरानं, पाटील. मग ते हसले नाहीत.

उन्हं उतरली. आईनं गेल्या वर्षीसारखी तांदळाची पिशवी भरून ओट्यावर ठेवली. मुमताजनं विळा धुऊन जागेवर ठेवला, हात पुसले आणि आईला म्हणाली, माझा दिवस फिटला काकू, तांदूळ राहू द्या, यंदा आम्ही घेतलाय. आणि निघाली. आबा पिशवी उचलून तिच्या मागोमाग गेले, मीही गेले, या वयात त्यांना ओझं झेपत नाही म्हणून. फाटकापाशी पोचलो तर ती प्लॅटफॉर्मवर चढलेली, आणि बेगडेवाडीकडची लोकल येताना दिसत होती. अंतर काही फार नव्हतं, हाक सहज पोचली असती. आबांनी हात वर केला, तोंड उघडलं, आणि तसेच थांबले. हाक काय म्हणून मारायची, ते त्यांना कळेना.